खाण्याचे मासे

"केवढे झाले हो हे. आता यांचं काय करणार?" हेमा बापट टाकीत डोकावून म्हणाल्या.

"खाणार," हिरा ओव्हाळ म्हणाली.

हेमाताईंच्या हातात पालकाची जुडी होती. गेले तीन महिने दर गुरुवारी सकाळी त्या कर्वेनगरातल्या नीलपर्णी सोसायटीचे चार मजले चढून ही जुडी न्यायला यायच्या आणि दर वेळी म्हणायच्या की असा पालक मंडईतसुद्धा मिळत नाही. आता त्यांनी जुडीकडे पाहिलं. मग टाकीकडे पाहिलं. टाकीत तीस पंगस मासे फिरत होते. काळपट पाठीचे, चंदेरी पोटाचे, एकेक कोपरापासून मनगटापर्यंत लांब.

"खाणार म्हणजे, तुम्ही स्वतः?"

"नाहीतर काय, भाड्यानं माणसं आणू?"

हेमाताई हसल्या नाहीत. त्या सोसायटीच्या सेक्रेटरी होत्या, आणि त्यांना एकदम आठवलं की घरी पालक शिल्लक आहे. जुडी त्यांनी वाफ्याच्या कडेवर ठेवली, अगदी हळू, झोपलेलं मूल ठेवावं तशी, आणि ओढणीला हात पुसत त्या जिन्याकडे निघाल्या. संध्याकाळपर्यंत वीसच्या वीस फ्लॅटना कळलं होतं की ओव्हाळांच्या गच्चीवर मासे आहेत. मासे आहेत हे सगळ्यांना सात महिने माहीत होतं. कोणाकोणाची मुलं ते बघायला येऊनही गेली होती. पण आज कळलं ते वेगळं होतं.

गच्ची हिराची स्वतःची. फ्लॅटला लागून, खरेदीखतात नोंदलेली, दरवाजा तिच्या स्वयंपाकघरातून. तिथं तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, पोपटनं, काचघर उभं केलं होतं. काचघर नुसतं म्हणायचं, काच त्यात इंचभर नव्हती. लोखंडी पाइपांचा सांगाडा, त्यावर पॉलिहाउसला लावतात तो जाड पांढरट कागद, बाजूंना हिरवी जाळी. आत हजार लिटरची, पिंजऱ्यातली टाकी. भंगारातून आणलेली, पण आधी तिच्यात काय होतं ते लेबल वाचून, ग्लुकोजचा पाक होता अशी खात्री करून, मगच हिरानं तिला हात लावू दिला होता. पोपटनं ती ग्राइंडरनं आडवी कापली. खालच्या मोठ्या भागात मासे. वरचा उथळ भाग उलटा करून लोखंडी घोडीवर मांडला, त्यात काळी खडी भरली, आणि खडीत पालक, पुदिना, मिरची, टोमॅटो. माती चिमूटभरसुद्धा नाही. पंप माशांचं घाण पाणी वर खडीत सोडतो, खडीला चिकटलेले जिवाणू त्या घाणीचं खत करतात, झाडं ते खत पितात आणि निवळलेलं पाणी पुन्हा खाली माशांकडे येतं. एवढंच गणित. पण ते जुळवायला या दोघांची उन्हाळ्याचे अख्खे चार महिने कंबर मोडली होती.

वाफा भरला की आपोआप रिकामा व्हायला हवा, त्यासाठी पोपटनं पाइपाचे तुकडे जोडून सायफन केला. पस्तीस वर्षं प्लंबिंग केलेला माणूस, त्याला वाटलं तासाभराचं काम. पहिले पाच फसले. सहाव्यानं गडगड आवाज करत अख्खा वाफा एका दमात खाली ओतला, तेव्हा पोपट खडीवर हात टेकून बराच वेळ बघत राहिला. "हिरे, आयुष्यभर लोकांचे संडास जोडले," तो म्हणाला. "हे पहिलं पाणी जे माझ्यासाठी पडतंय."

हिराची चूक त्याहून मोठी होती. ती एकतीस वर्षं पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातल्या प्रयोगशाळेत होती. एकतीस वर्षं तिनं पाण्यातलं जे काही जिवंत असेल ते मारलं, मेलं की नाही ते तपासलं आणि वहीत लिहिलं. दुसऱ्या महिन्यात खडीवर तपकिरी, बुळबुळीत थर दिसायला लागला. तो थर म्हणजेच जिवाणू, ज्यांच्यावर सगळा कारभार चालायचा, हे तिनं फोनवर दहा ठिकाणी पाहिलं होतं, वहीत उतरवूनही घेतलं होतं. पण हाताची सवय डोक्याचं ऐकत नाही. एका सकाळी तिनं खडी बाहेर काढली, ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं स्वच्छ धुतली, खळखळून विसळली आणि परत भरली. खडी आरशासारखी झाली. चौथ्या दिवशी पाण्यातला अमोनिया चढला आणि बारा मासे पोट वर करून तरंगायला लागले.

पोपट म्हणाला, "उष्म्यानं झालं असेल."

हिरानं वहीत लिहिलं: "बारा मेले. खडी ब्लीचनं धुतली. चूक माझी." आणि खाली सही केली. स्वतःच्या घरातल्या, स्वतःच्या वहीत सही कशाला करायची, हे पोपटला कधीच कळलं नाही. हिराला सही नसलेला कागद कागदच वाटायचा नाही.

मग तिनं परत बारा पिल्लं आणली, थर पुन्हा धरू दिला आणि त्याला बोट लावलं नाही.

हेमाताई खाली गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवसापासून पत्रं यायला लागली. तीन दिवसांत तीन. पहिल्यात लिहिलं होतं, टाकीच्या वजनानं इमारतीला धोका आहे. हिरानं इंजिनिअरच्या दाखल्याची प्रत पाठवली. टाकी तुळईवर होती आणि तुळई तिनं आधी तपासून घेतली होती. दुसऱ्या पत्रात डास. हिरानं उत्तर दिलं की माशांच्या टाकीत डासांच्या अळ्या सापडल्यास कृपया आणून दाखवाव्यात, माशांना बघायला आवडतील. तिसऱ्यात दुर्गंधी. त्याला तिनं एका ओळीचं उत्तर दिलं: "येऊन वास घ्यावा."

रविवारी चेअरमन यज्ञेश्वर लिमये खरोखरच वास घ्यायला आले. बँकेतून निवृत्त झालेले, उंच, इस्त्रीच्या कुर्त्यातले गृहस्थ. लिमये कधी आवाज चढवत नसत. चढवायची वेळ कधी आलीच नव्हती. त्यांच्यामागून तिसऱ्या मजल्यावरचा वरद आला, आयटीत नोकरीला, कानात इअरफोनचं एक बोंडूक कायम खोचलेलं.

लिमयांनी दीर्घ श्वास घेतला. पुदिन्याचा वास आला. ते थोडे नाराज झाल्यासारखे दिसले.

"ओव्हाळ मॅडम, सुंदर केलंय हो. खरंच. मला व्यक्तिशः यात काही अडचण नाही."

"मग चार मजले कशाला चढलात?"

"सभासदांच्या भावना असतात. सोसायटीत वीस कुटुंबं. बहुतेक शाकाहारी."

"त्यांना कोण वाढतंय?"

लिमयांनी वरदकडे पाहिलं. वरदनं कानातलं बोंडूक काढलं. तो माणूस वाईट नव्हता. हीच तर कटकट असते, यातला कुणीच माणूस म्हणून वाईट नसतो.

"काकू, मी चेक केलंय," तो म्हणाला. "हे पंगस आहेत ना, हेच लहान असताना ॲक्वेरियमच्या दुकानात शार्क म्हणून विकतात. सेम स्पीशीज. म्हणजे टेक्निकली हे ऑर्नमेंटलच आहेत. शोभेचे."

"टेक्निकली कोंबडाही शोभेचाच पक्षी आहे."

"काकू, मी तुमच्याच बाजूनं बोलतोय."

"माहीत आहे. म्हणूनच ऐकून घेतेय."

लिमयांनी कुर्त्याच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. टाइप करूनच आणला होता. वर हिराचं नाव, फ्लॅट नंबर, आणि खाली एक वाक्य: सदर मासे केवळ शोभेचे आहेत. त्याखाली सहीची रेघ.

"एवढं दिलंत की विषय संपला," लिमये म्हणाले. "मग वजन नाही, डास नाहीत, काही नाही. पुढचं आम्ही विचारणार नाही. बंद दाराआड कोण काय करतं ते बघायला कुणाला वेळ आहे?"

"म्हणजे खायला हरकत नाही."

"मी असं म्हटलेलं नाही."

"म्हणायला हरकत आहे."

"आता तुम्हाला कळलं," लिमये म्हणाले आणि मनापासून हसले. त्यांना वाटलं, जमलं. "पुढच्या रविवारी सभा आहे. तोवर द्या. नाही दिलंत तर मात्र हे सगळं काढून टाकण्याचा ठराव येईल, मग नोटीस, मग वरपर्यंत तक्रारी. तुम्हाला या वयात कशाला तो ताप?"

कागद त्यांनी अमोनिया तपासायच्या बाटलीखाली ठेवला, उडू नये म्हणून. गोड माणूस.

आठवडाभर तो कागद तिथंच होता. येता जाता पोपट त्याच्याकडे बघायचा. बुधवारी जेवताना त्यानं विषय काढला.

"लिहून टाक ना."

हिरानं भाकरी मोडली.

"अगं, एक शब्द आहे. त्यांच्या फाइलला पडून राहील. मासे आपलेच, टाकी आपलीच. थंडी तोंडावर आली, आता जर उचलायला लावलं तर हे जनावर बाहेर एक रात्र काढणार नाही. सहा सायफन केलेत मी. एका शब्दासाठी सगळं मोडू?"

"तुम्ही एकदा दिला होता एक शब्द."

पोपट जेवायचा थांबला.

त्र्याण्णव साली हे दोघं नारायण पेठेत खोली बघत होते. लग्नाला वर्ष झालं होतं. सहा ठिकाणी आडनाव विचारलं आणि सहा ठिकाणी खोली आजच सकाळी गेली होती. सातव्या ठिकाणी मालकानं आडनाव विचारलंच नाही. एवढंच विचारलं, "खाणारे आहात का?" आणि हिरा तोंड उघडायच्या आत पोपट म्हणाला, "छे हो. माळकरी आहोत."

खोली मिळाली. दुसऱ्या दिवशी पोपटला बाजारातून तुळशीची माळ आणावी लागली. ज्याच्या बापानं छप्पन्न साली दीक्षा घेऊन गळ्यातले, मनगटातले सगळे गंडेदोरे तोडून ओढ्यात फेकले, त्याचा मुलगा चार वर्षं गळ्यात माळ घालून फिरला. एकादशीला मालकीणबाई कौतुकानं साबुदाण्याची खिचडी पाठवायच्या, म्हणून एकादश्याही पाळाव्या लागल्या. बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेत, साड्यांच्या खाली. भावकीतलं कुणी भेटायला येणार असेल तर त्याला आधी चौकात गाठून सांगायचं, वर आल्यावर जयभीम म्हणू नको.

मुलीच्या, मैत्रीच्या वेळी हिराला दिवस गेले होते तेव्हा तिला सुकट खावीशी वाटायची. भूक नव्हे ती, वेड होतं. आईनं गावाहून डब्यातून आणून दिली. पण सुकट भाजली की वास सुटतो. म्हणून हिरानं ती कच्चीच खाल्ली, मोरीत बसून, नळ चालू ठेवून, चिमूट चिमूट. सातवा महिना होता. दाताखाली वाळू लागत होती आणि ती रडत नव्हती, तिला फक्त आश्चर्य वाटत होतं की एका माणसानं दारात उभं राहून एक शब्द काय उच्चारला आणि आपण इथं येऊन पोचलो.

"त्या शब्दानं घर दिलं होतं," पोपट आता म्हणाला. आवाज खाली.

"हो. आणि त्या घरात चार वर्षांत तुम्ही एकदा तरी मोठ्यानं बोललात?"

"दिवस वेगळे होते."

"कुठं वेगळे आहेत? तेव्हा खोटं आपण होऊन बोललो. आता ते टाइप करून घरपोच देतात. एवढीच सुधारणा."

पोपट उठला, हात धुतले आणि गच्चीत जाऊन माशांसमोर उभा राहिला. हिरा आत बसून राहिली. तिला तो चुकतोय असं वाटत नव्हतं, हा खरा त्रास होता. मासे वाचवायचे तर सही करायची. कागद खोटा, मासे खरे. तेवढं तिलाही कळत होतं. शुक्रवारी तर तिनं पेन उचललं. कागद पुढ्यात घेतला, रेघेवर निब टेकवलं. 'शोभेचे' हा शब्द तिनं तीनदा वाचला. बारा मासे मेले तेव्हा उष्म्यावर ढकलायची सोय होती, ती तिनं घेतली नाही. आणि आता जिवंत माशांबद्दल खोटं लिहायचं? कुणासाठी? जे लोक म्हणतात की तुम्ही खुशाल खा, फक्त लाजून खा?

तिनं पेन बंद केलं. कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर त्या दिवशीचं पाण्याचं माप लिहिलं. चांगला जाड कागद होता.

रविवारी दहा वाजता पार्किंगमध्ये सभा भरली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मधोमध टेबल, टेबलावर इतिवृत्ताची जाड वही. सोळा फ्लॅटचे लोक आले होते. लिफ्टच्या दुरुस्तीला कधी सातच्या वर आले नव्हते.

लिमयांनी प्रस्तावना केली. परस्पर सामंजस्य, सलोखा, सहजीवन असे शब्द आले. मग ते म्हणाले, "ओव्हाळ मॅडम, ते पत्र आणलंय का?"

"नाही."

"विसरलात?"

"नाही. मासे शोभेचे नाहीत. खाण्याचे आहेत. तसं लिहून हवं असेल तर आत्ता देते."

खुर्च्या करकरल्या. हेमाताई वहीत लिहीत होत्या, त्यांनी मान वर केली. "हिराताई, माझ्या नातवानं तो पालक खाल्लाय. तुम्ही आधी सांगायला हवं होतं."

"काय सांगायचं? टाकीला झाकण होतं का? तुम्ही दर गुरुवारी मासे बघत बघत पालक नेलात."

"पण आम्हाला वाटलं, हौसेसाठी ठेवलेत."

"मासा तोच आहे, हेमाताई. पाणी तेच, पालक तोच. त्या गुरुवारी मी 'खाणार' म्हटलं आणि मासा बाटला. मासा बाटला म्हणून पालक बाटला. मग बाटवणारी कोण, तेही बोला की स्पष्ट. वही उघडीच आहे."

बाहेर रस्त्यावरून एक भाजीवाला ओरडत गेला.

"प्लीज, हा विषय जातीवर नेऊ नका," लिमये शांतपणे म्हणाले.

"जात हा शब्द मी काढलाच नाही. तुम्ही काढलात. हेमाताई, लिहून घ्या कुणी काढला ते."

हेमाताईंचं पेन वहीवर अधांतरी राहिलं.

लिमयांनी चष्मा काढून पुसला. ते आता थोडे दुखावले होते, आणि दुखावलेला सभ्य माणूस फार खाली जाऊन मारतो. "मला एक नवल वाटतं," ते म्हणाले. "तुम्ही तर बुद्धाला मानता. बुद्धानं अहिंसा सांगितली ना?"

"माझ्या बुद्धाचं मी बघते. तुम्ही तुमच्या अरोवानाचं बघा."

लिमयांच्या हॉलमध्ये भिंतभर काचेच्या पेटीत एक अरोवाना होता. वास्तूवाल्यानं सांगितलं म्हणून आणलेला, सोनेरी, तलवारीच्या पात्यासारखा मासा. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते आधी तो दाखवायचे, मग चहा विचारायचे.

"त्याचा काय संबंध?"

"तो काय खातो?"

"त्याला लागतं ते खातो."

"जिवंत मासे खातो," मागून पोपट म्हणाला. सभेत तो पहिल्यांदाच बोलला. "बेसिनचा नळ बदलायला आलो होतो तेव्हा पिशवी बघितली मी. छोटे छोटे होते. पन्नासेक असतील."

"अहो, तो त्या प्राण्याचा निसर्ग आहे," लिमये म्हणाले.

"आमचाही," हिरा म्हणाली.

मागच्या रांगेत कुणीतरी फसकन हसलं आणि लगेच खोकला आणला. लिमयांनी चष्मा परत घातला. चर्चा पुरे झाली, असं म्हणून त्यांनी ठराव वाचला. सौ. ओव्हाळ यांनी आठ दिवसांत मासे शोभेचे असल्याचे लेखी द्यावे, अन्यथा गच्चीवरील टाकी व शेड काढून टाकण्याची नोटीस देण्यात यावी. बाजूनं असतील त्यांनी हात वर करावेत.

अकरा हात वर झाले. वरदचा हात अर्धा वर आला, घड्याळ बघितल्यासारखा, आणि तसाच राहिला. तो लिमयांनी धरला, बारा. विरोधात तीन. एक हिराचा, आणि दुसरे दोन अशांचे की ज्यांची नावंही तिला तोवर नीट माहीत नव्हती. एका म्हाताऱ्यानं मतच दिलं नाही. त्याला ऐकू येत नव्हतं.

"ठराव संमत," लिमये म्हणाले. "मॅडम, आठ दिवस आहेत. विचार करा."

"केला. नोटीस पाठवा. गच्ची माझी आहे, उत्तर देईन. मग तुम्ही तक्रार करा, त्यालाही उत्तर देईन. एकतीस वर्षं सरकारी कागदाला कागद लावलेत मी. मला त्याचा कंटाळा येत नाही, तुम्हाला येईल."

वही सह्यांसाठी फिरायला लागली. जो तो आपलं नाव शोधायचा, सही करायचा आणि पुढं सरकवायचा, हिराकडं न बघता. वही तिच्यापुढं आली तेव्हा तिनं आधी अख्खा ठराव वाचला, शुद्धलेखनासकट. मग आपल्या नावासमोर लिहिलं: "ठरावास विरोध. मासे खाण्याचे आहेत. आम्ही ते खाणार आहोत." सही केली, तारीख घातली.

फ्लॅट दोघांच्या नावावर होता. तिनं वही पोपटकडे दिली.

पोपटनं पेन घेतलं आणि थांबला. नववीपर्यंत शिकलेला माणूस, सही करतानासुद्धा ओठ हलवायचा. हिराला वाटलं, तो नुसती सही करील. तसं केलं असतं तरी तिनं त्याला काही म्हटलं नसतं. इतकी वर्षं त्यानं जे केलं ते तिला डोक्यावर छप्पर मिळावं म्हणूनच केलं होतं. बाजूच्या बाईंनी हात पुढं केला, वही घ्यायला. पोपटनं वही दिली नाही. तो वाकला आणि लिहायला लागला. बराच वेळ लागला. अक्षरं मोठी, तिरकी, रेघेच्या बाहेर जाणारी.

हेमाताईंनी वही ओढून घेतली आणि वाचलं. मग लिमयांच्या पुढं धरली.

"मीपण खातो. पहिल्यापासून. पोपट धोंडिबा ओव्हाळ."

"पोपटराव," लिमये म्हणाले, "इथं फक्त सही करायची असते."

"केलीय की. खाली बघा."

"हे इतिवृत्त आहे. यात असं काहीबाही चालत नाही."

"मग खोडा," हिरा म्हणाली. "पण खोडलेल्या जागी चेअरमनची सही लागते. कुणी खोडलं आणि काय खोडलं ते दिसायला हवं."

लिमयांनी पेन उचललं नाही.

"आणि हेमाताई," हिरा उठता उठता म्हणाली, "पुढच्या सभेत पहिला विषय मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करण्याचा असतो. तुम्हीच वाचता ना? यांचं अक्षर वाईट आहे. आधी एकदा घरी वाचून बघा, नाहीतर सगळ्यांसमोर अडखळाल."

हेमाताईंनी वही मिटली. लोक खुर्च्या एकमेकींत सरकवायला लागले, कारण काहीतरी करायला हवं होतं. पोपट एव्हाना जिन्यात पोचला होता. पहिल्या मजल्याच्या वळणावरून त्यानं खाली वाकून हाक मारली, आणि इतक्या वर्षांच्या संसारात हिरानं त्याचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता.

"हिरे, दोन काढू का तीन?"

पार्किंगमध्ये सगळे ऐकत होते.

"चार काढा," ती म्हणाली.